'अखेरचा मोह' आणि पहिला दगड

२००६ सालच्या मे महिन्यातील एका रविवारची गोष्ट आहे. सकाळची मिस्सा आटोपून लोक बाहेर पडत होते. चर्चच्या आवारात एका मेजावर सह्यांचे कागद ठेवलेले होते. 'द दा विंची कोड' हा चित्रपट आपल्या प्रभूची विटंबना करणारा आहे, सबब सरकारने त्यावर बंदी घालावी, अशा आशयाचे ते निवेदन होते. रांगेत उभे राहून आम्हीही त्यावर सही केली. आमच्या मागे आमचे जुने मास्तर उभे होते. गावातील मराठी शाळेत आमच्या पिढीतील निम्म्या मुलांना त्यांनीच अक्षरे गिरवायला शिकवली. त्यांनी हळूच विचारले, "पुस्तक वाचलंस का रे?" आम्ही नाही म्हणालो. "मग सही कशाखाली केलीस?" एवढे बोलून मास्तर सही न करताच घरच्या वाटेला लागले.

पुढे काय झाले ते अनेकांच्या स्मरणात असेल. चित्रपटातील कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडून तो प्रदर्शित झाला. काही राज्यांनी बंदी घातली. त्यांपैकी आंध्र प्रदेश व तमिळनाडू येथील बंदी उच्च न्यायालयांनी उठवली. चित्रपट आला, काही आठवडे चालला आणि विस्मृतीत गेला. आपल्या कोणाची श्रद्धा त्यामुळे ढळल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. मास्तरांचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. जे वाचले नाही त्याच्याविरुद्ध सही करणारा माणूस नेमका कशाचे रक्षण करीत असतो?

'दा विंची कोड' ही एक रहस्यकथा आहे. प्रवासात वाचावी आणि गाडीतून उतरताना विसरून जावी अशी. तिच्याशी गंभीरपणे वाद घालण्यात फारसे हशील नाही. या प्रश्नाचा कस पाहायचा तर एखादी खरोखर समर्थ आणि तितकीच अस्वस्थ करणारी कलाकृती समोर ठेवली पाहिजे. म्हणून आम्ही निकॉस काझांतझाकिस या ग्रीक लेखकाची 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' ही कादंबरी हाती घेतली. 'अखेरचा मोह' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. ही कादंबरी आणि तिच्यावरून १९८८ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी काढलेला चित्रपट, या दोहोंइतका क्षोभ विसाव्या शतकात ख्रिस्ताविषयीच्या फार थोड्या कलाकृतींनी ओढवून घेतला असेल.

काझांतझाकिस १८८३ साली क्रीट बेटावर जन्मला. बेट तेव्हा तुर्की अमलाखाली होते. त्याच्या शालेय शिक्षणाचा काही भाग नॅक्सॉस बेटावर कॅथॉलिक धर्मगुरूंच्या फ्रेंच शाळेत झाला. पुढे तो नीत्शे आणि बर्गसाँ या तत्त्वज्ञांच्या प्रभावाखाली आला, बुद्धाकडे ओढला गेला, काही काळ लेनिनने भारावला; परंतु नाझरेथचा येशू त्याला आयुष्यभर सोडीना. आसिसीच्या संत फ्रान्सिसवर त्याने लिहिलेली कादंबरी आजही भाविक वाचक आवडीने वाचतात. तेव्हा हा मनुष्य धर्माची थट्टा करून पैसे मिळवायला बसलेला नव्हता, एवढे तरी आरंभीच मान्य करावे लागेल.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. नाझरेथचा तरुण सुतार रोमन शिपायांसाठी क्रूस तयार करून देतो. आपल्याला देवाची हाक येत आहे हे त्याला कळते आणि त्या हाकेपासून पळण्यासाठी तो हे लाजिरवाणे काम पत्करतो. मरिया मग्दलेनेशी त्याचे लहानपणापासूनचे नाते आहे आणि तिच्या अधःपाताला आपण कारणीभूत झालो, ही टोचणी त्याला लागून राहिली आहे. यहुदा हा लाल दाढीचा, करारी देशभक्त आहे. शिष्यांत तोच सर्वांत खंबीर. आपला विश्वासघात करण्याची कठीण कामगिरी गुरू स्वतःच त्याच्यावर सोपवतो. मग कालवरीची टेकडी येते. क्रुसावर वेदनेने येशूची शुद्ध हरपते आणि त्या क्षणार्धात एक देवदूत त्याला सांगतो की, तुझे दुःख हे स्वप्न होते, तू मोकळा आहेस. येशू क्रुसावरून उतरतो, मग्दलेनेशी विवाह करतो. ती मरण पावल्यावर लाजरसच्या बहिणींच्या घरी राहतो, मुलाबाळांत रमतो, म्हातारा होतो. अखेरीस यरुशलेम जळत असताना वृद्ध शिष्य त्याला भेटायला येतात आणि यहुदा त्याला पळपुटा म्हणतो. तो देवदूत वास्तविक सैतान होता, हे तेव्हा उघड होते. येशू आक्रोश करतो आणि पाहतो तो काय, आपण अजून क्रुसावरच आहोत! मोह संपला आहे, तो जिंकला आहे आणि आता तो आनंदाने प्राण अर्पण करतो.

ज्या प्रसंगावरून एवढे वादळ उठले तो विवाहाचा आणि संसाराचा प्रसंग हा कादंबरीत घडतच नाही. ते सैतानाने दाखवलेले स्वप्न आहे आणि येशू ते झुगारतो. वाळवंटात सैतानाने आपल्या प्रभूला भाकरी, वैभव आणि सत्ता यांचे मोह दाखवले, हे आपण दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमानात ऐकतो. काझांतझाकिसने त्या मोहांच्या मालिकेत आणखी एक जोडला, तो म्हणजे सामान्य माणसासारखे सुखाने जगण्याचा. अशी कल्पना करणे हेच मुळात पाप आहे काय?

येथे ख्रिस्तसभेची शिकवण नीट आठवली पाहिजे. ४५१ सालच्या काल्सिदोन येथील विश्वपरिषदेने येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे, असे सांगितले. ६८०-८१ सालच्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने त्याला दैवी इच्छेबरोबरच मानवी इच्छाही होती, असे स्पष्ट केले. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर असे शिकवते की, पाप सोडून बाकी सर्व बाबतींत आपल्यासारखीच त्याची परीक्षा झाली. गेथशेमानी बागेतील घामाच्या थेंबांचे चित्र आपण क्रुसाच्या वाटेवर गुडघे टेकताना मनात आणतो, ते कोणा पुतळ्याचे नसते. तेव्हा मोह झाला, असे लिहिल्याने श्रद्धेला धक्का बसतो असे म्हणणारा वाचक ख्रिस्ताचे देवपण राखण्याच्या भरात त्याचे मानवपण गमावून बसण्याचा धोका पत्करतो.

मग ही कादंबरी निर्दोष आहे काय? आमच्या मते मुळीच नाही. पण तिचा दोष जेथे शोधला गेला तेथे तो नाही.

पहिला दोष व्यक्तिरेखेचा आहे. काझांतझाकिसचा येशू इतका संशयग्रस्त, इतका भयभीत आहे की त्याच्या मागे मासेमारीची जाळी टाकून लोक का गेले असतील, हे वाचकाला कळेनासे होते. शुभवर्तमानातील प्रभू रडतो, थकतो, कष्टी होतो. पण त्याच्या शब्दांत अधिकार आहे आणि तो ऐकणाऱ्यांना जाणवतो. कादंबरीत हा अधिकार यहुदाकडे गेला आहे. प्रत्येक निर्णायक क्षणी यहुदाला वाट दिसते आणि गुरू त्याच्याकडे पाहतो. नायकाला मानवी करण्याच्या नादात लेखकाने त्याला दुबळे करून ठेवले आणि मानवी असणे म्हणजे दुबळे असणे, असा समज नकळत पसरवला.

दुसरा दोष स्त्रियांच्या चित्रणाचा. मग्दलेना असो की मार्था व तिची बहीण, येथे स्त्रीला स्वतःचे मन नाही. ती पुरुषाला खाली ओढणारी माती तरी आहे किंवा त्याला विसावा देणारा उंबरठा तरी. पुनरुत्थित प्रभूचे पहिले दर्शन जिला घडले आणि ती वार्ता घेऊन जी प्रेषितांकडे धावली, ती मग्दलेना या पुस्तकात कोठेच भेटत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे आणि आपल्यासारख्या कुटुंबवत्सल समाजाने त्याच्यावरच बोट ठेवायला हवे होते. या कादंबरीत आत्मा आणि देह यांचे सनातन वैर आहे. जे जे मातीचे, ते ते ओलांडून जायचे, ही लेखकाची धारणा. म्हणूनच सैतानाच्या हातातील शेवटचे आणि सर्वांत प्रभावी आमिष कोणते, तर घर. अंगणातील वेल, चुलीवरचे अन्न, मांडीवरचे मूल! ख्रिस्तसभेने मात्र विवाहाला संस्कार मानले आहे. काना गावच्या लग्नघरी पाणी आटले नाही, द्राक्षारस झाला. आपल्या घरांतील आया पहाटे उठून डबे भरतात, आजारी सासऱ्याची शुश्रूषा करतात, रात्री मुलांना घेऊन रोझरी म्हणतात. ही देवाकडे जाण्याची वाट आहे, वाटेतला अडसर नव्हे, अशी आपली श्रद्धा आहे. येशूने संसार केल्याचे स्वप्न रंगवले म्हणून आपण रागावलो. संसारालाच सैतानाचे जाळे ठरवले, याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. आमचा खरा आक्षेप हा आहे आणि तो पुस्तक वाचल्याशिवाय आम्हाला सापडला नसता.

दोषांबरोबर गुणही सांगितले पाहिजेत. स्वप्नातील वृद्ध येशूला संत पौल भेटतो, तो प्रसंग विलक्षण आहे. पौल क्रुसावर मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताची घोषणा करीत आहे. येशू त्याला अडवून म्हणतो की, मी तर मेलोच नाही, हे सारे खोटे आहे. पौल डगमगत नाही. लोकांना तारणारा ख्रिस्त मी घडवीन, तुझी मला गरज नाही, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. पौलाचे हे चित्र ऐतिहासिक नाही आणि न्याय्यही नाही. तरीही वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. क्रूस नसता, पुनरुत्थान नसते, तर आपण कशाची घोषणा करीत आलो, हा प्रश्न पौलाने स्वतः करिंथकरांना विचारलेला आहे. एका बंडखोर कादंबरीकाराने तोच प्रश्न उलट बाजूने आमच्यापुढे ठेवला. कधी कधी परका माणूस आपल्या घराचे दार असे ठोठावतो की आपल्याच घरात आपण किती गाढ झोपलो होतो, हे आपल्याला कळते.

आता या पुस्तकाचे आणि चित्रपटाचे जगाने काय केले ते पाहू. ग्रीक भाषेत कादंबरी १९५५ साली आली. त्याआधीच ती भाषांतरांतून युरोपात पोचली होती आणि १९५४ साली व्हॅटिकनने तिला निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातले. काझांतझाकिसने तारेने उत्तर धाडले. प्राचीन ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याचे शब्द उसने घेऊन, प्रभो, मी तुझ्याच न्यायासनापुढे दाद मागतो, अशा अर्थाचा मजकूर त्याने पाठवला. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही त्याला बहिष्कृत करण्याच्या हालचाली झाल्या. त्या तडीस गेल्या नाहीत. १९५७ साली तो वारला. पुढे १९६६ साली त्या निषिद्ध सूचीचेच बंधन ख्रिस्तसभेने रद्द केले. ज्या सूचीत एके काळी गॅलिलिओचा ग्रंथ होता आणि व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' होती, ती चारशे वर्षांची सूची इतिहासजमा झाली. भाविकांच्या विवेकावर विश्वास ठेवावा, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतरच्या ख्रिस्तसभेला उमगले होते.

चित्रपटाचे भाग्य याहून खडतर. स्कॉर्सेसी हा न्यूयॉर्कच्या कॅथॉलिक वस्तीत वाढलेला, लहानपणी धर्मगुरू व्हायचे स्वप्न पाहिलेला दिग्दर्शक. १९८३ साली एका चित्रसंस्थेने विरोधाला भिऊन माघार घेतली. दुसरीने पाच वर्षांनी चित्रपट पूर्ण करू दिला. ही कथा शुभवर्तमानांवर आधारलेली नाही, असे चित्रपटाच्या आरंभीच लिहिलेले आहे. तरीही अमेरिकेत प्रचंड निदर्शने झाली. बिल ब्राइट या प्रचारकाने तर निर्मितीचा सगळा खर्च देऊ केला. अट एवढीच की चित्रपट नष्ट करावा. अमेरिकेतील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या चित्रपटविभागाने त्याला नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह असा शेरा दिला. आमच्या मते हा शेरा देणे त्यांच्या अधिकारात होते. चित्रपट पाहून मत देणे म्हणजेच समीक्षा.

पॅरिसमध्ये मात्र वेगळे घडले. २२ ऑक्टोबर १९८८ च्या रात्री सेंट मिशेल चित्रगृहाला काही धर्मवेड्यांनी आग लावली. १३ माणसे जखमी झाली. त्यांतली चार जबर भाजली. तेथील कार्डिनलांनी चित्रपटावर आधी कडक टीका केली होती. आगीनंतर त्यांनी आग लावणाऱ्यांचाही निषेध केला. ज्या प्रभूने तलवार म्यानात घालायला सांगितले, त्याच्या नावाने तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांना जाळायचे, याला विटंबना म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

चिली देशातील कथा अधिक उद्बोधक आहे. तेथे १९८८ साली चित्रपटाला परवानगी नाकारण्यात आली. १९९६ साली प्रौढांसाठी ती मिळाली, तेव्हा काही वकील न्यायालयात गेले. त्यांनी अर्ज कोणाच्या वतीने केला? येशू ख्रिस्ताच्या वतीने, कॅथॉलिक चर्चच्या वतीने आणि स्वतःच्या वतीने! १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने परवानगी रद्द ठरवली. मग प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापुढे गेले. ५ फेब्रुवारी २००१ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला की, अशी पूर्वबंदी हा विचार व अभिव्यक्ती यांच्या स्वातंत्र्याचा भंग आहे. त्याच वर्षी चिलीने आपली राज्यघटना दुरुस्त करून चित्रपटांवरील पूर्वबंदी काढून टाकली. पिलातापुढे ज्याने स्वतःसाठी वकील मागितला नाही, त्याचे वकीलपत्र दोन हजार वर्षांनी कोणी परस्पर घ्यावे, हा अधिकार कोणी दिला, हे आम्हाला समजलेले नाही.

दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. श्रद्धा दुखावते म्हणजे खरोखर काहीतरी दुखते. आपल्या आईविषयी कोणी चौकात अभद्र बोलले तर तो केवळ मताचा प्रश्न राहत नाही. आणि येशू किंवा पवित्र मरिया ही आपल्याला पाठ्यपुस्तकातील नावे नाहीत. न्यायालयेही याबाबत एकमताची नाहीत. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ऑस्कर पानिझ्झाच्या १८९४ च्या एका उपहासात्मक नाटकावरील चित्रपट जप्त करण्यात आला, तेव्हा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९४ साली ती जप्ती योग्य ठरवली. त्या प्रांतातील बहुसंख्य कॅथॉलिकांच्या भावनांचा आदर राखला पाहिजे, अशी त्यामागची भूमिका होती. पानिझ्झाच्या कृतीत हेटाळणी उघड आहे. काझांतझाकिसच्या कृतीत झगडा आहे. दोहोंत फरक करता येतो. परंतु तो फरक करायचा कोणी? जप्तीचा कागद घेऊन आलेल्या पोलिसाला तो करता येत नाही. जाळपोळ करणाऱ्या जमावाला तर त्याची गरजच वाटत नाही. तो करण्यासाठी पुस्तक वाचावे लागते आणि मग ते कोठे खोटे आहे, कोठे हीन आहे, कोठे खरे आहे, हे लिहून दाखवावे लागते. समीक्षेचे काम हेच आहे. बंदी मागताना आपण ते काम टाळतो आणि आपल्या श्रद्धेच्या वतीने बोलण्याची जबाबदारी सरकारी कचेरीवर सोपवून मोकळे होतो.

आपल्या देशापुरते पाहू. धर्मभावना दुखावण्याबद्दल शिक्षा देणारे भारतीय दंडसंहितेचे कलम २९५-अ हे १९२७ साली, लाहोरच्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेच्या प्रकरणानंतर आले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मात्र हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानापुरतेच ते लागू आहे, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. १९८९ च्या रंगराजन खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, कोणी दंगा करील या भीतीने सरकारने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दडपता कामा नये. धमकी देणाऱ्याला आवरणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तरीही व्यवहारात ज्याचा आवाज मोठा त्याच्या भावना मोठ्या, असेच घडते. १९८६ साली केरळात काझांतझाकिसच्या याच कादंबरीवर बेतलेले पी. एम. अँटनी यांचे मल्याळम नाटक ख्रिस्ती समाजाच्या विरोधानंतर बंद पाडण्यात आले. तेथे आपला आवाज मोठा होता. सगळीकडे तो तसा नसतो.

हेच १९२७ चे कलम फाळणीनंतर पाकिस्तानच्याही वाट्याला आले. तेथे त्याला १९८२ आणि १९८६ साली अधिक कठोर पोटकलमे जोडण्यात आली. शेवटच्यात देहान्ताची शिक्षा आली. १९९८ साली अयूब मसीह या ख्रिस्ती तरुणाला फाशीची शिक्षा झाली. त्याच्यावरील आरोप काय होता? सलमान रश्दी यांच्या कादंबरीविषयी त्याने चांगले उद्गार काढले, असे शेजाऱ्याचे म्हणणे होते. त्या शिक्षेच्या निषेधार्थ फैसलाबादचे बिशप जॉन जोसेफ यांनी ६ मे १९९८ रोजी साहिवालच्या न्यायालयाबाहेर स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांच्या कृतीचे समर्थन कोणी कॅथॉलिक करणार नाही. त्यांच्या वेदनेकडे पाठही कोणी फिरवू नये. अयूबची २००२ साली सुटका झाली. त्यानंतर आसिया बीबी या कॅथॉलिक मातेला २०१० साली फाशीची शिक्षा झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी ती निर्दोष ठरेपर्यंत तिचे आयुष्य तुरुंगात गेले. तो कायदा बदलावा असे म्हणणारे कॅथॉलिक मंत्री शाहबाझ भट्टी यांची २ मार्च २०११ रोजी हत्या झाली. भावनांच्या रक्षणासाठी उगारलेले शस्त्र अखेर कोणाच्या मानेवर पडते, हे अल्पसंख्याकांनी तरी विसरू नये. येशू हाच तारणारा आहे, हे रविवारच्या प्रवचनातले साधे वाक्यसुद्धा कोणाला तरी दुखावणारे ठरवता येते. ज्या स्वातंत्र्याने काझांतझाकिस लिहितो, त्याच स्वातंत्र्याने आपले धर्मगुरू बोलतात.

मराठी माणसाला हे नव्याने शिकवायला नको. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा आपण शाळेत ऐकली, तेव्हा आपली सहानुभूती बुडवणाऱ्यांकडे नव्हती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. मराठी ओवीतून ख्रिस्त सांगणारा तो ग्रंथ आपल्या समाजाचे भूषण. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढले. 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते जपणाऱ्या भाविकांमुळे ते तरले आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. शब्दांवर वक्रदृष्टी ठेवणारी सत्ता ख्रिस्ती असली तरी ती ख्रिस्ताच्या शब्दालाही परकी करते, हा आपल्या घरातलाच अनुभव आहे.

सर्वांत शेवटी शुभवर्तमानाकडे वळले पाहिजे. कयफाने आपली वस्त्रे फाडली ती कोणत्या आरोपावरून? ईश्वरनिंदेच्या. न्यायसभेपुढे उभा असलेला आरोपी आपला प्रभू होता आणि त्याला मरणदंडास पात्र ठरवणारे लोक आपापल्या परीने धर्मनिष्ठ होते. त्यांच्याही भावना खरोखर दुखावल्या होत्या. स्तेफनावर दगड घालणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. ऐकायचे नाही आणि दगड मारायचा, या दोन गोष्टी त्या दिवशी एकत्र घडल्या. शिपायांनी काट्यांचा मुकुट घालून थट्टा केली तेव्हा प्रभूने देवदूतांच्या पलटणी बोलावल्या नाहीत. ज्याने स्वतःचा अपमान असा सोसला, त्याचा अपमान झाला म्हणून आपण दुसऱ्याचे तोंड बंद करावे काय?

मग करावे काय? दुखावले तर तसे म्हणावे. तोही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. चित्रपट पाहू नये असे वाटले तर पाहू नये, मुलांना का पाहू नये ते घरी बसून समजावून सांगावे. धर्मग्रामाच्या वाचनालयात असे पुस्तक ठेवावे की नाही, यावर वाद व्हावा. पण तो वाचलेल्यांत व्हावा. आपल्या तरुणांना ख्रिस्ताविषयीची पहिली अवघड शंका महाविद्यालयाच्या उपाहारगृहात नव्हे, धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकायला मिळावी. आणि काझांतझाकिसचा येशू अपुरा वाटत असेल, तर त्याहून पूर्ण येशू मराठीत कोणी लिहावा. रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले, ते १९१९ साली गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. त्यांनी कोणाविरुद्ध निवेदन काढले नाही, लेखणी उचलली.

मास्तर आता हयात नाहीत. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेनंतर आम्ही त्याच आवारात थोडा वेळ उभे राहिलो. सह्यांचे कागद घेऊन उद्या पुन्हा कोणी तेथे मेज मांडील. पुस्तक निराळे असेल, चित्रपट निराळा असेल. त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलांना कोणीतरी मागून हळूच विचारावे, वाचलंस का रे? आम्ही त्या दिवशी जी सही केली ती आता परत घेता येत नाही. पहिला दगड उचलताना निदान हात थबकावा, एवढे मात्र आमच्या हाती आहे.